बनुआजींचा रिकामा डबा

काष्टीच्या बनुआजींची नि माझी आधी ओळख झाली ती डब्यातून. तोंड खूप नंतर पाहिलं. त्यांचा नातू पार्थ नगरला माझ्या वर्गात होता. गोठा उरकून, भाकरी थापून आजी स्वतः फाट्यावर यायच्या आणि सकाळच्या एसटीत कंडक्टरच्या हाती त्याचा डबा द्यायच्या. गाडी थांबली नाही, तर दुसऱ्या दिवशी कंडक्टरचा भर रस्त्यात उद्धार व्हायचा. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा.

माझं गाव पाथर्डीकडचं. दिवाळी झाली की आई-दादा ऊसतोडीला जायचे आणि घराला कुलूप लागायचं. वसतिगृहात माझा नंबर लागला नव्हता. अभ्यासिकेच्या गच्चीवर पथारी टाकायचो आणि चहात पाव बुडवून दिवस काढायचो. कुणाला सांगायची लाज वाटायची. शेवटी कॉलेज सोडून कोयता धरायचा, असं मनाशी पक्कं केलं होतं.

पार्थला माझी उपासमार कशी कळली कोण जाणे. "मला भूक नाही रे," म्हणत तो अर्धा डबा माझ्यापुढे सरकवायचा आणि लगेच वडापावच्या गाडीकडे पळायचा. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जेवलो की मी डबा लख्ख घासायचो आणि टपरीवरून मागून आत चिमूटभर साखर टाकायचो. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईनं लहानपणापासून शिकवलेलं.

तिथंच पकडला गेलो. स्वतःच्या आजीला साखर घालून डबा कोण पाठवतं? आणि पार्थ डबा घासेल, यावर तर अख्ख्या काष्टीत कुणाचा विश्वास बसला नसता. आजींनी फोनवर त्याला सरळ विचारलं, "कुनाचं लेकरू जेवतंय रं तुझ्या डब्यात?" पठ्ठ्यानं सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी एसटीतून दोन डबे उतरले. संध्याकाळी पार्थनं माझी पथारी उचलली आणि स्वतःच्या खोलीवर नेऊन टाकली. आजींचा हुकूमच तसा होता. त्यानंतर मी कोयत्याचं नाव काढलं नाही. आज शाळेत शिकवतो, ते त्या भाकरीच्या जिवावर.

पुढं आजी डोळे दाखवायला नगरला आल्या. ठेंगण्या, फटकळ, कपाळभर कुंकू. मी स्टँडवरच पाया पडलो, तर त्यांनी माझा कान धरला.

"अजून साखर घालतोस व्हय रं?"

"रिकामा कसा पाठवू, आजी?"

"साखर परक्याच्या भांड्यात घालत्यात. घरचा डबा रिकामाच येतो."

भर स्टँडवर मला रडू आलं, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीत मी डबा ठेवला. घासलेला, आणि रिकामा.