देवीसाठीच्या गोळ्या

पिशवी काढून टाकू, हे डॉक्टरीणबाईंनी शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी इतक्या सहज सांगितलं. माझं वय तेव्हा चौतीस. गर्भाशयात गाठ होती, महिन्यातले दहा-बारा दिवस अंगावरून जायचं, आणि घरी साड्यांना टिकल्या लावायला बसले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. ‘बेन, बीजी कोई गोळी लो छो?’ त्यांनी गुजरातीत विचारलं. शेजारी नवरा बसला होता. दुसरी कुठलीच गोळी घेत नाही, असं मी सांगून टाकलं. ऑपरेशनला पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

ते खोटं होतं, पण मला तेव्हा खोटं वाटलं नाही. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मी नऊ वर्षं घेत होते. त्या काही आजारपणाच्या नव्हत्या, कानबाईसाठी होत्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांकडे ही देवी बसते. आमची बसायची मागच्या गल्लीत, जाऊच्या घरी. नैवेद्याच्या रोटाचं पीठ दळण्यापासून पुरण शिजवण्यापर्यंत सगळं सोवळ्यात, आणि बाजूला बसलेल्या बाईची सावलीसुद्धा चालत नाही. सासरी माझ्या हाताला तेवढा एकच मान होता. रोट मीच करायचे, आणि तो मान सोडायची माझी तयारी नव्हती. मग कानबाईमागून नवरात्र आलं, नवरात्रामागून गावाकडची लग्नं. मेडिकलवाल्याला नुसतं ‘त्या द्या’ म्हटलं तरी कळायचं. नवऱ्याला मात्र सांगितलं नाही. देवीला फसवतेस, म्हणाला असता.

दवाखान्यातून घरी आल्यावर खरी भीती वाटायला लागली. जाऊ धीर द्यायला आली. ‘कसाले घाबरस? मनी पिशवी काढीसन सात वरीस व्हयनात. माले काय व्हयनं?’ तिला काही झालं नव्हतं हे खरं, पण तिला कशानेच काही होत नाही. समोरच्या चाळीतल्या एका बाईचे टाके पिकले होते आणि ती महिनाभर खाटेवर होती, तेही मी पाहिलं होतं. माझी आई गावाकडे. तिला कळवायचं तर वाण्याच्या दुकानात फोन करायचा आणि चार गिऱ्हाइकांदेखत तिने माझ्या पोटाचं ऐकायचं. मी फोन केला नाही.

नवरा उधन्यातल्या कापड कारखान्यात लूमवर होता. तो म्हणाला, ‘तू म्हनशी तसं करूत.’ ऐकणाऱ्याला तो समजूतदार वाटेल. मला वाटलं, याने स्वतःला मोकळं करून घेतलं. डबा घेऊन तो कामाला गेला आणि मी टिकल्यांच्या डबीसमोर बसून राहिले. ऑपरेशन केलं आणि भुलीतून उठलेच नाही तर? नाही केलं आणि अशीच एक दिवस चुलीपाशी पडले तर? मोठ्या मुलीला मी धाकटीची वेणी घालायला शिकवलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकवलं. शाळेत राहून पोरींची जीभ गुजरातीकडे वळली होती. ती म्हणाली, ‘मम्मी, तू क्यां जाय छे?’ ‘कुठं जाणार, मरायला?’ मी खेकसले, आणि तोंडातून काय गेलं ते ऐकून मीच रडायला लागले.

तारखेच्या तीन दिवस आधी कपाट आवरताना गोळ्यांची उरलेली पट्टी हाती लागली. हे रक्त त्या गोळ्यांनीच जात असेल तर? नसत्या कारणासाठी मी पोट फाडून घेत असेन तर? त्याच दुपारी शटल रिक्षात बसून मी एकटी दवाखान्यात गेले, पट्टी टेबलावर ठेवली आणि देवासाठी घेते म्हणून औषधात धरली नव्हती, असं सांगितलं.

‘भगवान माटे लीधी तोय दवा तो दवा ज छे ने!’ डॉक्टरीणबाई इतक्या चिडल्या की बाहेरच्या बायका दारातून डोकावल्या. मग त्यांनी नीट समजावलं. गाठ गोळ्यांनी झालेली नाही, पण रक्त किती गाठीमुळे जातं आणि किती गोळ्यांमुळे, हे त्या बंद केल्याशिवाय कळणार नाही. तीन महिने थांबायचं, फक्त लोहाच्या गोळ्या घ्यायच्या. त्यातही धोका होताच. रक्त आधीच कमी होतं, फार जायला लागलं तर धावत यायचं. थांबायचं मी एकटीने ठरवलं. घरी सांगितलं, तारीख पुढे गेलीये.

त्या तीन महिन्यांतच कानबाई आली, आणि शुक्रवारी मी बाजूला बसले. रविवारी जाऊच्या घरात गाणी चालली होती, रोट तीच करत होती आणि मी बाहेर, गल्लीतल्या दगडावर. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका माझ्यापासून लांबून वळसा घेत होत्या. नऊ वर्षांत मी किती बायकांना असाच वळसा घातला असेल, ते मला त्या दिवशी आठवलं.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याने विचारलं, ‘यंदाच कसं काय?’ मी सगळं सांगितलं. देवीचं तो काही बोलला नाही. भाकरी कुस्करत म्हणाला, ‘मंग तेन्हामुये आपले पोऱ्या व्हयना नही का?’

बारा वर्षांत मुलगा हवा असं हा माणूस एकदाही बोलला नव्हता. धाकटी झाली तेव्हा त्यानेच पेढे वाटले होते. गोळ्यांचा आणि त्याचा काही संबंध नाही, मी म्हणाले. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलं की नाही, मला कळलं नाही. दोघं समोरासमोर बसलो होतो आणि मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

तीन महिने झाले तरी रक्त जायचं तसंच जात राहिलं. आता ऑपरेशन करायचं, हे मी ठरवलं. ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी संमतीचा कागद पुढे सरकवला आणि आणखी मूल नको ना, हे विचारून घेतलं, ‘हवे छोकरां नथी जोइतां ने?’ त्या माझ्याकडे बघत होत्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. सहीसाठी दिलेलं पेन त्याने हातात धरलं होतं, टोपण तसंच होतं, आणि तो फरशीकडे बघत होता. मला स्वतःला हवं होतं का, हा विचार मी तोवर केलाच नव्हता. तेव्हाही करायला वेळ नव्हता.

‘नको,’ मी म्हटलं.

मग त्याने टोपण काढलं.