ढाणकीच्या बाजारातला पेपरवेट

बाबा गेल्यावर त्यांच्या टेबलावरचा काचेचा पेपरवेट मी माझ्या घरी आणला. आत बारीक रंगीत फुलं गच्च बसवलेली. "ढाणकीच्या बाजारात घेतला," असं बाबा सांगत.

पण मी चौथीत असताना, पांढरकवड्याला बाबा ज्या कचेरीत कारकून होते, तिथल्या साहेबांच्या टेबलावरून इंग्रजांच्या वेळचा एक पेपरवेट नाहीसा झाला होता. आळ शिपाईकाकांवर आला, त्यांची नोकरी गेली. आमच्याकडचा पेपरवेट मी पहिल्यांदा पाहिला तो त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, बाबांची यवतमाळला बदली झाल्यावर. शंका मनात कधी शिरली ते आठवत नाही. बाबांना विचारायची हिंमत मात्र शेवटपर्यंत झाली नाही.

आता नागपूरला जुन्या काचसामानाच्या एका जाणकारांकडे गेले. हा बाजारातलाच आहे, एवढंच त्यांनी म्हणावं, असं वाटत होतं. त्यांनी तो उलटा करून भिंग लावलं.

"स्वस्त मालाची काच हिरवट असते, तळ खडबडीत सोडलेला असतो. हा तळ घासून घोटलाय. आणि फुलं पाहा, एकेक पाकळी सुटी दिसते. फ्रान्सचा आहे, दीडशे वर्षांपूर्वीचा. तुमच्याकडे कसा आला?"

"वडिलांचा आहे," मी म्हटलं. ढाणकीचं नाव तोंडून निघालं नाही.

शिपाईकाका नोकरी गेल्यावर बोरी अरबला जाऊन राहिले होते. मी तिथे गेले तेव्हा कळलं, ते वारले होते. काकू होत्या. त्यांनी मला ओळखलं, चहा टाकला. मी पेपरवेट समोर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या, हात लावला नाही.

"आता कायले सांगतं, माय? थो तं 'म्या नाई घेतला, म्या नाई घेतला' म्हनतच गेला. म्या बी कधीकधी त्याच्यावर शक घेतला."

त्यांनी चहा गाळून कप माझ्यापुढे ठेवला.

"तुहा बाप दर साली शाळा सुरू झाली का पोरायले वह्या-दप्तरं घेऊन ये," त्या म्हणाल्या. "मले वाटे, एवढा एक मानूस आपल्याले इसरला नाई."

बाबा इथे येत होते, हे मला माहीतच नव्हतं.

"हा तुम्हीच ठेवा, काकू."

"नको. घेऊन जाय."

चहाचे कप उचलून त्या आत गेल्या. मी बराच वेळ बसून राहिले. त्या बाहेर आल्या नाहीत.