उतरवलेलं वजन

धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. आई थकलेली, भावजयीचं जुळलं नाही. माझं जुळलं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "वजन सहा किलोनं खाली आणा. बीपी काठावर आहे, तेही उतरेल. मग मोठ्या तपासण्या करू."

मला हसूच आलं. परभणीजवळ झरी गावात आमचं किराणा दुकान आहे. साखरेचं पोतं एका बाजूनं मी धरते, एका बाजूनं नवरा. सहा किलो म्हणजे काय, असं वाटलं.

परभणीत जिम चालवणाऱ्या एका मुलीकडं नाव घातलं. तिनं सगळं बांधून दिलं. पहाटे आधी चालायचं, मग थोडं पळायचं, पुढं पळणंच वाढवत न्यायचं. एक दिवसाआड जिममध्ये येऊन वजनं उचलायची. भाकरी अर्धी, साखर बंद, तेल चमच्यानं मोजून. मी म्हणाले, "सोमवारी उपास असतो माझा." तर म्हणाली, "उपास करा काकू, पण साबुदाणा न्हाई. दही-काकडी खा." लहानपणापासूनचा उपास, पहिल्यांदाच पोटात आग पडायला लागली. पूजेला बसले की तळहातावरच्या इष्टलिंगाकडं बघता बघता मला नुसती भाकर दिसायची.

पहाटे पंजाबी ड्रेस आणि बूट घालून जिंतूर रोडला निघाले की चहाच्या टपरीवरून हमखास कुणीतरी विचारायचं, "काकू, पोलीस भरती हाय का काय?" मी मान खाली घालून पळायची. खरं कारण गावात सांगितलं नव्हतं. किडनी द्यायला नवऱ्याची ना नव्हती, पण तो आधीच घाबरलेला होता, त्यात गावाची चर्चा नको होती. "तुला काय झालं तर मी काय करू?" एवढंच तो एकदा म्हणाला.  नंतर माझ्यासमोर चहा प्यायचा बंद झाला.

भाऊ पेडगावहून डायलिसिसला परभणीला यायचा. मी जिमचे दिवस तेच धरले. व्यायाम उरकून, घामानं भिजलेली, तशीच त्याच्याजवळ जाऊन बसायची. त्याला पाणी मोजून, दिवसाला जेमतेम दोन-तीन पेले. आणि मला जिमवालीची सक्ती, की बाटली सतत हातात पाहिजे. मी ती पिशवीत खाली दडपून ठेवायची. एकदा त्यानं पाहिली.

"पी ना अक्का. लपवायलीस कशाला?"

"तहान न्हाई."

"घामानं थबथबलीस अन् तहान न्हाई? माझ्या वाटचं बी पी."

मी त्याच्यासमोर प्यायले.  तो माझ्या गळ्याकडं बघत होता, आणि आपण बघतोय हे लक्षात आल्यावर त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

त्याचंही वजन व्हायचं, मशीनला लावायच्या आधी आणि नंतर. अंगात साठलेलं पाणी काढलं की काटा खाली यायचा. एकदा म्हणाला, "अक्का, तू झोप माझ्या जागी. एका दुपारीत तीन किलो उतरवतेत हे लोक." आम्ही दोघं हसलो. भावजय उठून बाहेर गेली.

चार किलो उतरले आणि काटा अडला. जिमवालीनं भाकरी पूर्ण बंद केली, संध्याकाळचंही पळणं लावलं. गुडघे सुजले. दुकानात डाळ तोलताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. काटा तिथंच. इकडं भावाच्या छातीत पाणी झालं, त्याला ॲडमिट केलं. भावजय फोनवर कधी घाई करायची नाही. "वन्स, कसं चाललंय तुमचं?" एवढंच विचारायची. मला ते 'अजून किती' असंच ऐकू यायचं. रात्रीची भाकरी मी नवऱ्याला थापून द्यायची आणि पिठाचे हात लगेच धुऊन टाकायची, वास नको म्हणून. स्वतःच्या पोटाला, दंडांना हात लावून बघायची आणि राग यायचा. एवढंसं मांस माझ्या भावाच्या आड आलं होतं.

मग हळूहळू तेही उतरलं. सहाच्या वरच उतरलं. जिमवालीनं सगळ्या पोरींसमोर माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी तिथंच खाली बसून रडले.

संभाजीनगरला मोठ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी नवऱ्याला आणि मला समोर बसवलं. माझी एक किडनी जन्मापासून लहान आहे, काम जवळजवळ दुसरीच करते, असं म्हणाले. दोन्हीतली कुठलीच काढता येणार नव्हती.

"हे आधी न्हाई का कळत?" मी विचारलं.

"त्या तपासण्या शेवटी असतात." मग म्हणाले, "वजन कमी केलंत ते वाया नाही गेलं. तुमच्या तब्येतीला चांगलंच आहे."

परतीच्या बसनं निघालो. जालन्याला नवरा उतरून केळी घेऊन आला, एक सोलून माझ्या हातात दिलं. मी खाल्लं. त्याची चव आठवत नाही.

भावाला मीच सांगितलं. त्यानं चादरीची कड चिमटीत धरली. मग म्हणाला, "बरं झालं. तुला कापलेलं मला बघवलं नसतं." खोटं बोलत होता. लहानपणीही त्याला खोटं बोलता यायचं नाही.

आता त्याचं नाव प्रतीक्षा यादीत आहे. डायलिसिस चालू आहे. हात काळे पडलेत, आवाज बारीक झालाय. परवा मानवतला एका लग्नात नात्यातल्या बायकांनी मला गराडा घातला. "लय बारीक झालाव वो! काय केलं, आमाला बी सांगा की." एकीनं तर माझ्या ब्लाउजची बाही धरून किती ढिली झाली ते सगळ्यांना दाखवलं. मी जिमवालीचा पत्ता सांगितला. काय काय बंद करावं लागतं तेही सांगितलं, आणि त्या मन लावून ऐकत होत्या.