एकसष्ट टक्क्यांवरचा थांबा

भाऊबीज, सकाळचे पावणेसहा. छावणी भागातलं आमचं घर. रक्कम एक हजार दोन रुपये: पाचशे एक दादाचे, पाचशे एक माझे. हजर पाच जण: अण्णा म्हणजे आमचे वडील, मोठा भाऊ म्हणजे दादा, वहिनी, माझी बायको आणि मी. पैजेचे पैसे अण्णांनी मोजून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवले.

पैज अशी. दोन्ही गाड्या सहाला निघणार आणि नागपूरला आत्याच्या दारात थांबणार. दादाची पेट्रोलची, माझी सात महिन्यांपूर्वी घेतलेली इलेक्ट्रिक. दादा पोचल्यानंतर दोन तासांच्या आत मी पोचलो तर मी जिंकलो.

"दोन तास काय, ह्याची गाडी उद्या पोचंल," दादा म्हणाला. "गाडी कसली, मोबाईल हाय तो. रोज रात्री भिंतीला लावायचा."

"तुमच्या पेट्रोलचं बिल आलं की बोला," माझी बायको म्हणाली.

खरी गोष्ट पैजेची नव्हती. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची, अण्णा ऐंशीचे. पाच भाऊबिजा अण्णा नागपूरला गेले नव्हते. "प्रवास झेपत नाय," एवढंच म्हणायचे. आत्या फोनवर ओवाळायची. या वर्षी ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मी असेन का ते बघ." त्यावर अण्णा तयार झाले.

आदल्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले. मी वहीत अंतर आणि बॅटरीचे टक्के मांडत होतो.

"तुझी गाडी वाटंत किती वेळा थांबवावी लागती?"

मला वाटलं, दादानं कान भरलेत. मी अभिमानानं म्हणालो, "फक्त एकदा. दोनशे चाळीस किलोमीटरवर."

"एकदाच व्हय?" ते म्हणाले आणि उठून गेले. त्या आवाजातली निराशा मला कळली नाही. आकडा पाठ होता, माणूस नाही.

सकाळी दादानं त्याच्या गाडीचं दार उघडलं, तर अण्णा माझ्या गाडीत जाऊन बसले. सगळ्यांना नवल वाटलं. चहा त्यांनी घेतला नाही. पोटाचं काही असेल, असं मला वाटलं.

समृद्धी महामार्गाला लागताच दादाची गाडी दिसेनाशी झाली. मी ताशी नव्वदच्या वर जात नव्हतो, कारण वेग वाढला की बॅटरी भराभर उतरते. पूर्ण भरलेली गाडी या वेगानं साधारण तीनशे तीस किलोमीटर जाते. पहिल्या तासाभरात अण्णा आत्याच्या लहानपणच्या खोड्या सांगत होते. पुढं गप्प झाले. गुडघे जवळ घेऊन, खिडकीकडं तोंड करून बसले. बायकोनं पाण्याची बाटली पुढं केली, त्यांनी हातानंच नको म्हटलं.

आठ पन्नासला चार्जिंगच्या जागी आलो. बॅटरी अठ्ठावीस टक्के. मी वायर जोडेपर्यंत अण्णा स्वच्छतागृहाकडं निघालेसुद्धा, काठी गाडीतच राहिली. परत आले ते वेगळाच माणूस होऊन. बाकावर बसून त्यांनी अर्धी बाटली पाणी एका दमात प्यायलं, मग चहा मागवला. बायको बिस्किटं आणायला गेली, तेव्हा हळूच म्हणाले, "काल संध्याकाळपासून पाणी नव्हतं घेतलं."

"का?"

"लागली तर? दादाची गाडी म्हणजे टाकी भरली की थेट मुक्काम. आन् गाडीत सून बसलेली. तिच्यासमोर दर घंट्याला काय सांगायचं, मला लघवीला थांबवा म्हणून? त्यापरीस घरी बसलेलं बरं." मग गाडीकडं बोट करून हसले. "हिला स्वतःलाच थांबावं लागतं. आपल्याला सांगायची गरज नाय."

पाच वर्षं. दादा कधी नाही म्हणाला नसता. पण त्यानं विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

त्यांनी दुसरा चहा मागवला. मला विचारलं, "आता थेट नागपूर ना?"

नव्वद टक्के भरली होती. उरलेले दोनशे सहा किलोमीटर सहज झाले असते. "नाही अण्णा," मी म्हणालो, "अजून एकदा थांबावं लागेल. थंडीत बॅटरी जरा लवकर उतरते." बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तिला वहीतला आकडा माहीत होता. तिनं बिस्किटांचा पुडा फोडून अण्णांपुढं धरला.

दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा बॅटरी एकसष्ट टक्के होती. पंचवीस मिनिटं गेली. अण्णांनी संत्रं सोलून आम्हा दोघांना फोडी दिल्या.

आत्याच्या दारात बारा पस्तीसला पोचलो. दादा साडेदहालाच येऊन बसला होता. पाच मिनिटांनी हरलो. अण्णांनी खिशातून एक हजार दोन काढून त्याला दिले.

"मोबाईलची चार्जिंग संपली का रं बारक्या?" दादा म्हणाला. "आण, खर्च दाखव."

मी फोनवरच्या पावत्या दाखवल्या. घरचं चार्जिंग तीनशे साठ, पहिला थांबा सहाशे बहात्तर, दुसरा एकशे चव्वेचाळीस. एकूण अकराशे शहात्तर. त्याचं पेट्रोल तीन हजार तीनशे साठचं. टोल दोघांनाही लागला, म्हणून तो धरला नाही. दादा हसायचा थांबला, पण पेट्रोलच्या आकड्यानं नव्हे. दुसऱ्या पावतीवर बोट ठेवून म्हणाला, "एकसष्ट टक्के असताना कशाला थांबला?"

मी अण्णांकडं पाहिलं. ते आत्याशेजारी बसून तिसरा चहा पीत होते. दादानंही तिकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग फोन माझ्या हातात ठेवला.

संध्याकाळी आत्या निरांजन घेऊन उभी राहिली. ओवाळताना तबक तिनं कुणाला धरू दिलं नाही.

"परत जाताना अण्णा माझ्या गाडीत," दादा मोठ्यानं म्हणाला. "आन् आधीच सांगतो, लई वेळ लागंल. माझी गाडी जुनी झालीय, गरम होती. दर घंट्याला थांबवावी लागंल."

"येताना तर नाय झाली गरम," वहिनी म्हणाल्या.

"आता होती."

अण्णांनी मान खाली घातली. हसत होते. म्हणाले, "मग पुढच्या वर्षीबी बघू."

तबकात अण्णांचे स्वतःचे पाचशे पडले. त्यावर दादानं पैजेचे पैसे अण्णांच्या हातात देऊन त्यांच्याच हातानं टाकायला लावले: एक हजार दोन रुपये, आत्याला.