आईचा ओसाकातला रविवार

अकरा वर्षांपूर्वी मुंबईच्या विमानतळावर बाबा माझी ट्रॉली ढकलत होते आणि आई माझ्या हँडबॅगेची चेन तिसऱ्यांदा तपासत होती. लग्नाला दोनच महिने झाले होते. निखिल, माझा नवरा, आधीच दोह्याला पोचला होता. दारावरच्या जवानानं पासपोर्ट मागितला तेव्हा आई म्हणाली, "तू हो पुढं. आम्ही काय, आहोत इथंच."

ते वाक्य मी फारच खरं धरलं. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या बहुतेकांनी धरलं असेल. आपण नोकऱ्या बदलतो, घरं बदलतो, 'यल्ला' आणि 'खलास' असे अरबी शब्द नकळत तोंडात बसतात, मुलं आपल्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देतात. मागे राहिलेली माणसं मात्र सोडली तिथंच, तशीच असणार, हे आपण गृहीत धरतो. बाबा गेल्यावरसुद्धा मला वाटत राहिलं, आई आहे ना नाशिकला.

मग गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आई जपानला होती.

माझा भाऊ मंदार कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे ओसाकाला गेला होता आणि तेजश्री वहिनीनं आईलाही बरोबर घेतलं होतं. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. इथं कतारमध्ये रविवार कामाचा. मी परचेस डिपार्टमेंटच्या सकाळच्या मीटिंगमध्ये बसले होते, तिकडे दुपार झाली होती, आणि फॅमिली ग्रुपवर वहिनीचे फोटो येऊन आदळायला लागले.

पहिल्यात आई छप्पर घातलेल्या बाजाराच्या गल्लीत उभी होती, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. मी घेऊन दिलेले तसलेच शूज तिनं कधी खोक्यातून बाहेर काढले नव्हते. मग एका दुकानात तिनं आरपार दिसणारी छत्री उघडून डोक्यावर धरली होती. मग कुठल्याशा काउंटरवर भाताचा तिकोनी गोळा खाताना, आतलं आंबट फळ दाताखाली आल्यावरचा तिचा चेहरा. आणि शेवटी व्हिडिओ. गेम्सचा मोठा हॉल, दिवेच दिवे, पडद्यासमोर दोन मोठे ढोल. पडद्यावर ठिपके येतील तसं टिपरू मारायचं. अडुसष्ट वर्षांची माझी आई, पर्स गळ्यात आडवी अडकवून, दर वेळी उशिरा मारत होती आणि हसत होती. हसताना तिला धड उभं राहता येत नव्हतं. खाली वहिनीनं लिहिलं होतं, 'आजचा दिवस फक्त आईंचा.'

मी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. मग ग्रुपवर नुसता अंगठा टाकला.

मला हेवा वाटला. उगीच मोठेपणा आणून दुसरा शब्द वापरत नाही. एका फोटोत वहिनीच्या हाताखालून आईचा हात गेला होता, त्या हाताचा हेवा वाटला. 'आईं'वरच्या अनुस्वाराचासुद्धा राग आला. आई माझ्याकडे कतारला दोनदा येऊन गेली होती, पण असा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. समुद्राकाठच्या रस्त्यावर, कॉर्निशवर चल म्हटलं की तिचे पाय दुखायचे. आमच्या वक्र्याचा जुना बाजार घरापासून दहा मिनिटांवर, तिथंही "तुम्ही जाऊन या" म्हणायची. आणि जपानमध्ये हिचे पाय बरे दुखत नाहीत, असं मी निखिलला म्हणाले. तो म्हणाला, त्यांनाच विचार.

मी आठ दिवस फोन केला नाही. ती नाशिकला परतल्यावर एका शुक्रवारी तिचाच आला. खूप बोलत होती. तिथल्या रेल्वेत कुणी मोठ्यानं बोलत नाही, तेजश्रीनं फोनवर भाषांतर करून दुकानदाराला 'मासे नकोत' कसं समजावलं, असं सगळं. मी हं हं करत राहिले आणि शेवटी मनातलं बाहेर पडलंच.

"तिकडे दिवसभर फिरलीस. माझ्याकडे आलीस की तुझे पाय दुखायचे."

आई सहज म्हणाली, "दुखायचेच गं. दिवसभर उभी असायचे ना."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. लगेच ती माझ्या मुलाच्या, ईशानच्या परीक्षेकडे वळलीसुद्धा.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पहिल्यांदा ती आली ती ईशानच्या वेळी, तीन महिने. डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ, माझा शेक. दुसऱ्यांदा माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा, दोन महिने. तेव्हा ईशानचा डबा, निखिलचा डबा, माझं पथ्य. दोन्ही वेळा मी गरज पडल्यावर तिचं तिकीट काढलं होतं. गरज नसताना एकदाही नाही. वहिनीकडे स्वयंपाकाला बाई आहे. तिला आईकडून काहीच नको होतं, म्हणून ती 'तुम्हाला काय बघायचंय?' असं विचारू शकली. मी आईला कतार दाखवलं ते ओट्यासमोरच्या खिडकीतून दिसेल तेवढं.

त्यानंतर हेवा गेला असता तर बरं झालं असतं. तो गेला नाही, फक्त त्यात लाज मिसळली.

जानेवारीत मी तिला बोलावलं. "काय झालंय?" तिनं आधी हेच विचारलं. काही झालं नाही, नुसती ये, हे पटवायला दोन आठवडे लागले. आली, आणि पहिल्याच पहाटे कणीक मळायला उभी. मी परात काढून घेतली तर दुखावली. शेवटी पोळ्या तिच्या आणि बाकी सगळं आमचं, अशी तडजोड झाली. निखिलची आमटी तिनं निमूट खाल्ली, हे मात्र मान्य करायला हवं.

शनिवारी आम्ही समैस्माच्या किनाऱ्यावर गेलो. निखिल आणि ईशान पाण्याकडे गेले. आम्ही दोघी घडीच्या खुर्च्यांवर. आईचं सुरूच होतं, जपानचा समुद्र असा, तेजश्री असं म्हणाली. प्रत्येक 'तेजश्री'ला मला टोचत होतं. मग मी तिला म्हणाले, "त्या रविवारचं सगळं सांग. सकाळपासून."

मी हे कधी विचारलंच नव्हतं. ती तासभर सांगत होती. छत्रीचा रंग ठरेना म्हणून दोघी हसत बसल्या. ढोलाच्या खेळात शेजारच्या अनोळखी जपानी मुलीनं आईचे हात धरून ठेका शिकवला. मग बाबा असते तर त्यांनी गर्दीला नावं ठेवून बाहेरच उभं राहणं पसंत केलं असतं, असंही ती म्हणाली. त्या साऱ्या दिवसात माझं नाव एकदाही आलं नाही. मी वाट पाहत होते, पण आलं नाही.

मला लागलं, आणि मग हळूहळू मोकळंही वाटलं. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी इतकी वर्षं पटकन 'आई' म्हणायचे. ते ऐकायला छान वाटतं. पण म्हणून तिनं आयुष्यभर एका जागी उभं राहावं, हे मी कधी ठरवून टाकलं? आता मी एवढंच म्हणते, आपल्या माणसाला जिथं बसता येतं ते घर.

सूर्य खाली आला. आईनं इथल्या टपरीवरच्या दुधाळ, वेलचीच्या चहाचा रिकामा कप माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "अजून एक करक चहा सांग गं."

ती बसून राहिली. मी उठले.