पऱ्हाटीची बोंब

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची, तवा माझं वय चाळीस. आज म्हातारपणी गारखेड्यात पोराच्या बंगल्यापुढं माळ्यानं हिरवळ कापली, तो कच्चा हिरवा वास नाकात गेला आन् मी हर्सूलच्या आमच्या रानात जाऊन उभा राहिलो.

पऱ्हाटीला, म्हंजी कपाशीला, अळी लागली होती. कुरतडलेल्या पानांना असाच वास सुटलेला, जरा गुळचट. त्या वासावर बारक्या गांधीलमाश्या येत आन् अळ्या उचलून नेत. बायको म्हणायची, "पऱ्हाटी बोंब मारतीय, तवा माश्या धावून येत्यात."

शेतकीचा साहेब आला, इस्त्रीची पँट चिखलापासून जपत. मी त्याला बायकोचं बोलणं सांगितलं. म्हटलं, "चार दिवस दम धरू साहेब, औषध नको."

तो चारचौघांत हसला. "झाडाला तोंड कधी फुटलं हो? उद्या अळीला कान फुटतील!" लोकबी फिदीफिदी हसले. बायको खुरपं उचलून पऱ्हाटीत निघून गेली.

आता नात तेच पुस्तकातून वाचून दाखवते, पान कुरतडलं की झाड हवेत वास सोडून माश्यांना बोलावतं. लई मोठा शोध म्हणे! शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला ठाऊक होतं ते. साहेबाला पान हुंगायला वाकतासुद्धा आलं नाय.

पण त्याच्याहून हलका मीच निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीचा पंप पाठीला बांधला आन् माश्या जिथं घोंगावत होत्या, तिथूनच सुरुवात केली.