काचेच्या बटणातलं कुंकू

गाडी सोळा वर्षांची झाली, माझा राग तिच्याहून जुना. डोंगरकडा गावच्या बाजारात भाजीवाल्याशी बोलायला काच खाली केली, ती परत वर यायचं नावच घेईना. बटण खाली दाबलं की मोटर गुरगुरायची, वर ओढलं की ढिम्म.

आणि दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या दवाखान्यातून लेकीला अन् चार दिवसांच्या नातीला घरी आणायचं होतं. थंडी कडाक्याची, रस्ता तासाभराचा. लेक जन्मली तेव्हा तिला उघड्या जीपमधून आणलं होतं. आठ दिवस सर्दीनं तिला दूध ओढता येईना. ते मला अजून सलतं. म्हणून नात आपल्याच गाडीत येणार, असं मी महिनोन्‌महिने गावभर सांगत सुटलो होतो.

मेकॅनिक फोनवर म्हणाला, "काका, बटण नांदेडहून मागवावं लागंल. परवा भेटंल."

जावई म्हणाला, "मामा, मी माझी गाडी आणतो ना."

पोरगं गुणी आहे, पण मी फणकाऱ्यानं फोन ठेवला. बॅटरीची वायर काढली, पेचकसाला फडकं गुंडाळलं आणि दाराचं बटण उपसून खोललं. आत गुलाबी चिखल वाळलेला! कुंकू, हळद आणि वर दोन अक्षता.

"कोण शहाणं बटणाला कुंकू लावतं?" मी अंगणातूनच ओरडलो.

बायको शांतपणे बाहेर आली. "पहिल्या दसऱ्याला मी नुसतं स्टिअरिंगला लावून राहिले होते. तुमीच म्हणले, हौसेनं गाडी घेतली, एक बटण सुटू देऊ नको. आता माझ्यावर काहून ओरडता?"

व्हय, म्हणलो होतो. अगदी ऐटीत म्हणलो होतो. मग काय, कामाला लागलो. जुना टूथब्रश पेट्रोलमध्ये बुडवून सोळा दसरे घासून काढले, तांब्याच्या पट्ट्यांना पॉलिश पेपर मारला, उन्हात वाळवून सगळं परत बसवलं. वायर जोडली, बटण ओढलं. काच कुरकुरत वर आली. "आली रे आली!" मी एवढ्यानं ओरडलो की शेजारी पेढे मागायला आला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकातच मी काच लावली. वारं थांबलं. मागं लेकीच्या मांडीवर नात घरापर्यंत गाढ झोपली.

दारात बायकोनं दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग ताट घेऊन गाडीकडं आली. मी झटकन बटणांवर तळहात ठेवला.

ती हसली. कुंकवाचं बोट माझ्याच कपाळाला टेकवून हळूच म्हणाली, "आता त्या जीपचं मनातून काढून टाका."

मी तोंड फिरवलं आणि उगाच एकदा काच खालीवर करून पाहिली.